दंतचक्रांची अचूक घडाई : भार व प्रतिबलांचे पूर्वानुमान

दंतचक्राचे दाते कापून न काढता धातू बंद साच्यात दाबून ते जवळजवळ अंतिम मापात घडविण्याच्या प्रक्रियेस अचूक घडाई (फोर्जिंग) म्हणतात. मोटारींच्या डिफरन्शियलमधील शंक्वाकार दंतचक्रे अशा रीतीने तयार केली जातात.

साचा भरत आला की दात्यांचे कोपरे भरण्यासाठी लागणारा भार एकदम वाढतो. जादा धातूस बाहेर पडण्यास वाट नसल्यामुळे मूळ तुकड्याचे घनफळ थोडे अधिक झाले तरी साचा तडकण्याचा धोका असतो. म्हणून दाबयंत्र निवडण्यापूर्वी भाराचे पूर्वानुमान करावे लागते. हा भार धातूचा विरूपणास होणारा विरोध, घर्षण, तापमान आणि दात्यांचा आकार यांवर अवलंबून असतो.

ऊर्ध्व सीमा पद्धतीने काढलेला भार, गृहीतके योग्य असल्यास, प्रत्यक्ष भारापेक्षा कमी नसतो. त्यामुळे यंत्राची निवड सुरक्षित होते. मात्र प्रतिबलांचे स्थानिक वितरण तीतून कळत नाही. त्यासाठी सांत घटक पद्धत वापरतात. सी. एच. ली व शिरो कोबायाशी यांनी १९७३ मध्ये धातूच्या सुघट्य विरूपणासाठी या प्रकारची गणनपद्धती मांडली.

साच्यातील दात्यांच्या मुळाशी ताण-प्रतिबल एकवटते व वारंवारच्या दाबाने तेथे भेगा पडतात. यावर उपाय म्हणून साच्याभोवती तापविलेले पोलादी कडे चढवितात. ते निवून आवळले की साच्यात आधीच संपीडन निर्माण होते. दाबाखाली साचा किंचित फुगत असल्याने त्यातील दात्यांच्या मापातही तेवढी दुरुस्ती करतात.