मुलाला कराटे क्लास लावताय? बेल्टचा रंग नंतर बघा, आधी या गोष्टी तपासा

शाळा सुरू झाल्या की सोसायटीच्या गेटवर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कराटे-तायक्वांदो क्लासच्या जाहिराती येऊ लागतात. 'आंतरराष्ट्रीय पदकविजेते प्रशिक्षक', 'दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट', 'मान्यताप्राप्त प्रमाणपत्र'. बहुतेक घरांत निर्णय होतो तो क्लास किती जवळ आहे आणि फी किती यावर. पण इथे मूल मारायला आणि मार झेलायला शिकणार असतं. त्यामुळे नाव नोंदवण्याआधी थोडी चौकशी हवीच.

कराटे, तायक्वांदो की ज्युदो?

कराटेत हात आणि पाय दोन्हींचा वापर होतो, तायक्वांदोत भर किकवर असतो आणि ज्युदोत पकडून खाली पाडायचं असतं. ज्युदो 1964 मध्ये ऑलिम्पिकमध्ये आला, तायक्वांदो 2000 पासून पदकांचा खेळ आहे. कराटे मात्र फक्त टोकियोत खेळला गेला. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तो नव्हता आणि 2028 च्या लॉस एंजेलिसमध्येही नाही. त्यामुळे 'ऑलिम्पिकची तयारी' असं कराटे क्लासच्या बोर्डवर दिसलं, तर जरूर विचारा. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी मात्र कोणता प्रकार यापेक्षा शिकवतं कोण, हे जास्त महत्त्वाचं.

ब्लॅक बेल्ट म्हणजे नेमकं काय?

बेल्टची परीक्षा सरकार घेत नाही. प्रत्येक संघटना आपापली परीक्षा घेते आणि आपलं प्रमाणपत्र देते. कराटेत तर अशा अनेक संघटना आहेत. म्हणून एका क्लासचा ब्राऊन बेल्ट दुसऱ्या क्लासमध्ये धरतीलच असं नाही. तायक्वांदोत दक्षिण कोरियातील कुक्कीवॉन ही संस्था 15 वर्षांखालील मुलांना 'डॅन' न देता 'पूम' दर्जा देते. म्हणजे लहान मुलाचा ब्लॅक बेल्ट आणि मोठ्यांचा ब्लॅक बेल्ट एकच, असं तिथेही मानत नाहीत.

ट्रायल क्लासमध्ये काय बघाल?

एक अख्खा तास बसून बघा. मोबाइल खिशात ठेवा.

• जमीन: उघड्या फरशीवर पाडापाडी सुरू असेल, तर तो क्लास नको. मॅट हवीच.
• पडायचं कसं: ज्युदोत आधी पडायला शिकवतात, मग पाडायला. हा क्रम पाळतात का?
• जोड्या: लढत लावताना वय आणि वजन बघतात का? हेडगार्ड, माउथगार्ड वापरतात का?
• डोक्याला मार: चक्कर, उलटी किंवा गोंधळल्यासारखं वाटलं, तर त्या दिवशी खेळ बंद आणि थेट डॉक्टर. 'उठ, काही नाही झालं' म्हणणारे सर नकोत.
• शिकवतं कोण: बोर्डवर नाव सरांचं आणि वर्ग घेतोय कॉलेजचा मुलगा, असं तर नाही ना?
• शिक्षा: छडी, अपमान, दमेपर्यंत उठाबशा म्हणजे शिस्त नव्हे.

फीचं पूर्ण गणित मांडा

उदाहरणार्थ, महिना 800 रुपये फी म्हणजे वर्षाचे 9,600. दर तीन महिन्यांनी बेल्ट परीक्षा आणि प्रत्येक परीक्षेचे 1,000 धरले, तर आणखी 4,000. त्यावर ड्रेस, गार्ड, शिबिर आणि स्पर्धांची प्रवेश फी. म्हणून 'महिन्याचे किती?' असं न विचारता 'वर्षाचे एकूण किती?' असं विचारा. सहा महिन्यांची फी आगाऊ भरण्याऐवजी पहिले दोन महिने मासिक फी द्या.

घरी येणाऱ्या पदकांचंही तसंच. खासगी 'इंटरनॅशनल' स्पर्धेत फी भरून कुणालाही उतरता येत असेल, तर तिथल्या पदकाचा पुढे फारसा उपयोग नाही. दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडा गुणांसाठी कोणत्या स्पर्धा धरतात, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या.

पालकांना आत येऊ देत नाहीत?

हा सर्वांत मोठा धोक्याचा इशारा. या खेळात अंगाला हात लागतोच, म्हणूनच सगळं सर्वांसमोर व्हायला हवं. रोज आत बसायची गरज नाही, पण न सांगता आलात तरी दार उघडं असावं. एकट्या मुलाला थांबवून घेणं, मुलांना थेट खासगी मेसेज करणं, 'घरी सांगू नको' म्हणणं, यातलं काहीही दिसलं तर क्लास लगेच थांबवा. 18 वर्षांखालील मुलांवरील लैंगिक अत्याचारासाठी 2012 चा पॉक्सो कायदा लागू होतो आणि असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मदतीसाठी 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

महिनाभरानंतर मुलाला 'कितवा आलास?' विचारू नका. 'आज काय शिकलास, कुठे लागलं का, सर काय म्हणाले?' हे विचारा. मूल भरभरून बोलत असेल, तर क्लास चालू ठेवा. क्लासची वेळ झाली की पोट दुखायला लागत असेल, तर ओरडण्याआधी एकदा स्वतः जाऊन तो क्लास बघून या.