आपल्या घोड्यावरचा शिलेदार

‘आपण कुठे असता?’ असा प्रश्न आपल्याकडे ओळख होताच विचारतात. त्याचा खरा अर्थ ‘कोणत्या कचेरीत असता?’ असा असतो. या प्रश्नाला आम्ही गेली सोळा-सतरा वर्षे अडखळतच उत्तर देत आलो आहोत. कारण आम्ही कोणत्याच कचेरीत नसतो. नाशिकमधील राहत्या घराच्या एका खोलीत बसून आम्ही इतरांसाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. काम मिळाले तर पैसे, न मिळाले तर नाहीत; आणि कधी कधी काम मिळते, ते पुरेही होते, पण पैसे मिळत नाहीत. आज पुष्कळांच्या घरातील मुलगा किंवा मुलगी या वाटेने निघालेली आहे, आणि पुष्कळ दुकानदार, डॉक्टर व संस्थाचालक अशा माणसांकडून काम करून घेत आहेत. म्हणून या धंद्याची रीत दोन्ही बाजूंनी समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

अशा माणसाला इंग्रजीत ‘फ्रीलान्सर’ म्हणतात. लान्स म्हणजे भाला. वॉल्टर स्कॉटच्या १८२० सालच्या ‘आयव्हॅन्हो’ या कादंबरीत हा शब्दप्रयोग येतो. कोणा एका राजाशी बांधलेला नसून मोल घेऊन लढणारा भालाईत, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा व सरंजाम सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई. नोकरी करणारा प्रोग्रॅमर हा बारगीर होय. त्याचा संगणक, त्याची वीज, त्याची रजा, त्याचे आजारपण ही सर्व धन्याच्या खात्यावर. आम्ही शिलेदार. घोडा आमचा आणि त्याच्या चंदीची काळजीही आमचीच.

अडत्याची पेढी

शिलेदाराला पहिली अडचण पडते ती मोहीम शोधण्याची. गिऱ्हाईक अमेरिकेत, कारागीर नाशिकमध्ये. दोघांची गाठ कोण घालणार? ही गाठ घालून देणाऱ्या पेढ्या इंटरनेटवर निघाल्या. १९९९ च्या सुमारास अमेरिकेत ‘इलान्स’ सुरू झाली. २००३ मध्ये ‘ओडेस्क’ निघाली. तिचे संस्थापक दोघे ग्रीक मित्र, एक अमेरिकेत तर दुसरा ग्रीसमध्ये, आणि इतक्या अंतरावरून एकत्र काम कसे करावे, या त्यांच्या स्वतःच्या अडचणीतूनच ती कल्पना जन्मली. पुढे या दोन पेढ्या एक झाल्या आणि २०१५ मध्ये त्यांनी ‘अपवर्क’ हे नाव घेतले. अशा आणखीही पेढ्या आहेत.

यांची रीत मार्केट यार्डातल्या अडत्यासारखी आहे. माल शेतकऱ्याचा, पैसा व्यापाऱ्याचा, आणि अडत मधल्याची. अपवर्कने २०१६ मध्ये अडतीचे दर असे ठेवले होते, की एका गिऱ्हाइकाकडून मिळालेल्या पहिल्या ५०० डॉलरांवर शेकडा २०, त्यापुढे १०,००० डॉलरांपर्यंत शेकडा १० आणि त्यावर शेकडा ५. २०२३ मध्ये सरसकट शेकडा १० झाले, आणि २०२५ पासून नव्या करारांना कामागणिक बदलता दर लागू झाला. रोजाने काम करणाऱ्याच्या संगणकावर एक हजेरीपट बसविलेला असतो. तो तासात सहा वेळा पडद्याचे चित्र टिपतो आणि कळफलकावर किती बोटे पडली हेही मोजतो. विचार करण्यात गेलेल्या वेळी बोटे पडत नाहीत, ही गोष्ट त्या पटाला समजत नाही.

तरीही अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की उक्त्या कामाचे पैसे गिऱ्हाइकाकडून आधी भरून घेऊन पेढी ते मध्यस्थ म्हणून सांभाळते. आमचे तोंडही न पाहिलेल्या परदेशी माणसांचे पैसे या व्यवस्थेमुळे आम्हाला अनेकदा आठवड्याच्या आत पोचले आहेत. २००९ मध्ये, हाती ना भांडवल ना ओळख, अशा स्थितीत आम्हाला पहिले काम दिले ते अशाच एका पेढीने.

पण अडत्या जेव्हा अडत्याही असतो, तराजूही त्याचाच असतो आणि तंट्याचा निवाडाही तोच करतो, तेव्हा काय होते ते आम्ही २०१५ मध्ये पाहिले. पेढीचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. एके दिवशी सकाळी आमचे खाते बंद झालेले आढळले. कारण असे, की आमच्या एका कागदावर वडिलांचे नाव मधे होते, दुसऱ्यावर नव्हते, आणि बँकेत नुसती आद्याक्षरे होती. आपल्याकडे घरोघरी असे असते. पण तिकडच्या यंत्राच्या हिशेबी ही तीन निरनिराळी माणसे झाली. एकोणीस दिवस आम्ही पत्रे लिहीत होतो आणि एकाच मजकुराची उत्तरे येत होती. चालू काम गिऱ्हाइकाने दुसऱ्यास दिले. खाते पुढे उघडले, पैसेही मिळाले. परंतु सहा वर्षांची पत एका सकाळी नाहीशी होऊ शकते, हे मनातून गेले नाही. ही पत तिथून उचलून दुसरीकडे नेताही येत नाही. गिऱ्हाइकांनी दिलेल्या शिफारशी पेढीच्याच घरी राहतात.

तेव्हा आम्ही ठरविले, की आता ओळखीच्या माणसांचेच काम करावयाचे. समोरासमोर बसून बोलता येईल, अडचण आली तर घरी जाता येईल. हा निर्णय चुकीचा नव्हता, अपुरा होता.

‘सर्व’ हा शब्द

२०२१ मध्ये जिल्ह्यातील एका खासगी दवाखान्याचे काम आमच्याकडे आले. मालक डॉक्टर आमच्या नात्यातल्यांच्या ओळखीचे. काम उक्ते ठरले : दीड लाख रुपये, मुदत तीन महिने, विसार पन्नास हजार. एका कागदावर एक ओळ लिहिली, ‘दवाखान्याची सर्व कामे संगणकावर करून देणे’, आणि चहा घेऊन आम्ही उठलो. त्या ओळीतील ‘सर्व’ या शब्दाने आम्हाला बुडविले.

दीड महिन्यानंतर डॉक्टरसाहेब म्हणाले, ‘एका कुटुंबाचे मिळून एकच खाते हवे. फक्त एक चौकट वाढवायची, एवढेच.’ त्यांच्या दृष्टीने ते खरेच एवढेच होते. परंतु आमच्या रचनेत प्रत्येक पावती एकेका रुग्णाला बांधलेली होती. आता पावती कुटुंबाला बांधायची, रुग्ण कुटुंबात बसवायचा, सून माहेरची असताना जी नोंद झाली ती कुठे न्यायची ते ठरवायचे, आणि जुन्या सगळ्या नोंदी न हरवता नव्या घडीत आणायच्या. घर बांधून झाल्यावर खिडकी सरकविण्याची ही गोष्ट नव्हती. पाया हलविण्याची होती. त्यात तीन आठवडे गेले. तीन आठवड्यांनी डॉक्टर पाहायला आले, तेव्हा पडद्यावर त्यांना एकच नवी चौकट दिसली. ‘इतके दिवस तुम्ही काय केलेत?’ असे त्यांनी विचारले. त्यांचा प्रश्न अप्रामाणिक नव्हता. गवंड्याचे काम रस्त्यावरून दिसते. आमचे काम ज्याने पैसे दिले त्यालाही दिसत नाही.

फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएम कंपनीच्या फार मोठ्या प्रोग्रॅमचे काम सांभाळले होते. त्यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात असा अनुभव मांडला, की उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे लावली तर ते अधिकच लांबते. आणि १९८६ मधील एका निबंधात असे सांगितले, की नेमके काय बांधावयाचे हे ठरविणे, हाच या कामाचा सर्वांत कठीण भाग आहे. शिंप्याकडे गिऱ्हाईक आपले शरीर घेऊन येते, म्हणून माप घेता येते. आमच्याकडे गिऱ्हाईक येते तेव्हा त्याची गरज त्यालाही पुरती ठाऊक नसते. अर्धे कापड शिवून झाल्यावरच आपल्याला काय हवे होते ते त्याच्या ध्यानात येते. म्हणून अवघड गिऱ्हाईक हे पुष्कळदा लबाड नसून धास्तावलेले असते. आपण न दिसणाऱ्या वस्तूला पैसे देत आहोत, ही भीती त्याला हुज्जत घालावयास लावते. खरोखर लबाडही असतात, पण ते थोडे.

कुलूप

तीन महिन्यांचे सात महिने झाले. प्रयोगशाळेचा हिशेब, औषधांचा साठा, सगळे त्या ‘सर्व’मध्ये बसत गेले, आणि आम्हीही प्रत्येक वेळी मान हलवीत गेलो. दवाखाना रोज आमच्या प्रोग्रॅमवर चालू लागला. परंतु उरलेले एक लाख रुपये येईनात. तगादा केला की उत्तर येई, ‘सर्व कामे झाली कुठे?’ आमच्या हाताखाली एक मुलगा शिकत होता. त्याचे दोन महिन्यांचे पैसे आमच्याकडे थकले. तो काही बोलत नसे, आणि तेच आम्हाला अधिक लागत असे.

त्या प्रोग्रॅमचा परवलीचा शब्द आमच्यापाशी होता. एका रात्री आम्ही संगणकापुढे बसलो आणि दवाखान्याला कुलूप घालण्याची आज्ञा लिहूनही झाली. फक्त एक कळ दाबावयाची राहिली होती. सकाळी साडेआठला खिडकीवर रांग लागते, हे आम्हाला ठाऊक होते; ती खिडकी आम्हीच तर घडविली होती. कोणत्या रुग्णाला कोणते औषध सोसत नाही, याचीही नोंद त्याच प्रोग्रॅममध्ये होती. डॉक्टरांच्या ऋणासाठी त्या रांगेतल्या माणसांना जामीन धरावे, हे मनाला पटेना. आम्ही ती आज्ञा पुसून टाकली.

हे आमचे थोरपण म्हणून सांगत नाही, भीतीही होतीच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ४३ व्या व ६६ व्या कलमांनी, मालकाच्या परवानगीविना त्याच्या संगणकाचे काम बंद पाडणे भरपाईस आणि शिक्षेसही पात्र ठरते. पैसे बुडाले म्हणून धनको निर्दोष सुटत नाही.

कागदाचे बळ

उपाय दुसरीकडे होता, आणि तो आम्हाला आधीच माहीत असावयास हवा होता. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे, नोंदणी झालेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करारातील मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत दिले पाहिजेत. मुदत लिहिलेलीच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज चढते, आणि तंटा सुविधा परिषदेपुढे नेता येतो. घरच्या खोलीत एकट्याने काम करणाऱ्यालाही ही नोंदणी करता येते. मात्र ती काम घेण्यापूर्वी करावी, तंटा झाल्यावर नव्हे. आमची नोंदणी सुदैवाने झालेली होती. वकिलामार्फत नोटीस गेली, आणि २०२२ मध्ये दोन हप्त्यांत मुद्दल आले. व्याज आम्ही सोडून दिले. त्या मुलाचे पैसे पोचते केले, पण तोवर त्याने पुण्यात नोकरी धरली होती. शिकवून तयार केलेला हात गेला, हा या व्यवहारातला खरा तोटा. तो कोणत्याही कायद्याने भरून येत नाही.

आणखी एक गोष्ट दोन्ही पक्षांना ठाऊक नसते. १९५७ चा कॉपीराइट कायदा प्रोग्रॅमला साहित्यकृती मानतो. नोकराने नोकरीत लिहिलेल्या प्रोग्रॅमचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, धनी असतो. पण स्वतंत्र कारागिराने लिहिलेल्याचा पहिला मालक सामान्यतः तो कारागीरच असतो, आणि ती मालकी गिऱ्हाइकाकडे जावयाची तर लेखी हस्तांतर लागते. ‘मी पैसे दिले, वस्तू माझी’ हा बाजारातला न्याय येथे आपोआप लागू होत नाही.

न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून असा कायदा आहे, की मुक्त कारागिराचे काम ८०० डॉलरांचे किंवा अधिक असेल तर लेखी करार केलाच पाहिजे, आणि करारात तारीख नसेल तर काम पुरे झाल्यापासून ३० दिवसांत पैसे दिले पाहिजेत. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा पेढ्यांमार्फत काम करणाऱ्यांची व्याख्या केली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. परंतु तिचा रोख विमा, आजारपण, म्हातारपण यांकडे आहे. थकलेल्या पैशांचा प्रश्न ती सोडवीत नाही.

या सगळ्याचा मथितार्थ आमच्यापुरता असा आहे. इंटरनेटवरच्या पेढीने आम्हाला कागद दिला, पण ओळख दिली नाही. गावाने ओळख दिली, पण कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असे आम्हाला वाटायला लावले. आता आम्ही कागद ओळखीसाठीच करतो. ‘सर्व’ हा शब्द त्यात येत नाही. काय करणार, याच्या यादीइतकीच काय करणार नाही याची यादीही लिहितो. विसारानंतर पैसे टप्प्याटप्प्याने घेतो, दर पंधरवड्याला चालू काम उघडून दाखवितो, आणि नव्या मागणीला ‘हो’ म्हणण्यापूर्वी तिचे दिवस व रुपये लिहून कळवितो. परवलीचा शब्द शेवटच्या हप्त्याबरोबर गिऱ्हाइकाच्या हाती देतो, म्हणजे पुन्हा तशी रात्र यावयास नको.

काम करवून घेणाऱ्यांना आमची विनंती एवढीच, की ‘एवढेच तर करायचे’ असे म्हणण्यापूर्वी ‘याला काय लागेल?’ असे विचारावे. आणि घरातला मुलगा कचेरीत न जाता खोलीत बसलेला दिसला, तर ‘नोकरी कधी बघतोस?’ या प्रश्नाच्या आधी ‘करार लिहून घेतलास का?’ असे विचारावे. त्या डॉक्टरांशी आमचे बोलणे अजून आहे. गेल्या वर्षी त्यांनी नवे काम दिले. करार चार पानांचा झाला, आणि त्यातली दोन पाने त्यांनीच सुचविली होती.