बुद्धिबळालाही हवे वेळापत्रक

गळीत संपले की पारावर बुद्धिबळाचा पट मांडला जातो. आम्हीही २० वर्षे खेळलो, पण खेळ होता तिथेच राहिला. गेल्या उन्हाळ्यात आठवीतल्या एका पोराने आम्हाला तीनदा मात दिली. त्याची वही पाहिली अन् डोळे उघडले. हरलेला प्रत्येक डाव त्यात लिहिलेला!

माती तपासल्याविना खताची मात्रा ठरत नाही, तसेच हे. आपण कुठे हरतो ते आधी पाहावे. नवशिक्याने रोज २० मिनिटे एक-दोन चालींत मात करण्याची कोडी सोडवावीत. मोहरे फुकट जात असेल, तर चाल करण्यापूर्वी समोरचा काय मारू शकतो ते पाहावे. मुरलेल्याने डावाचा शेवट अभ्यासावा. राजे समोरासमोर, मध्ये एकच घर, अशा वेळी ज्याची चाल त्याच्या राजाला वाट सोडावी लागते. एवढे न कळल्याने आमची कितीतरी प्यादी वजीर होता होता राहिली. आठवड्यातून एक डाव सावकाश खेळावा, लिहावा, तपासावा.

नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ साली महिला विश्वचषक जिंकला. घरातले पोर पट मांडत असेल तर रागावू नका, त्याला एक वही आणून द्या. आम्हीही आणली आहे.