पांढऱ्या कार्डाचं दुखणं, गावाचं दुखणं

रस्त्यासाठी, पाण्यासाठी, कांद्याच्या भावासाठी आपल्याकडे आमदार पडलेत. प्राथमिक आरोग्य केंद्राला कुलूप होतं म्हणून कुणी पडल्याचं ऐकिवात नाही. आजारपण ज्याचं त्यानं निस्तरायचं, फार तर आमदारसाहेबांचं पत्र घेऊन मुंबई गाठायची आणि मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज भरायचा, ही आपली रीत. तरीही गेल्या पन्नासेक वर्षांत या राज्याच्या आरोग्यधोरणात जे काही हललं, त्याचा माग काढत गेलं तर पक्षकार्यालयांपेक्षा निराळ्याच जागा सापडतात: डॉक्टरांचे अभ्यासगट, ग्राहक पंचायती, विमा कर्मचाऱ्यांची संघटना, गावोगावच्या आशा आरोग्यसेविकांचे संप, उच्च न्यायालयातल्या याचिका. कुठल्याही पक्षाचा झेंडा न घेता सरकारचा पिच्छा पुरवणाऱ्या या मंडळींनी काय कमावलं आणि कुठे हात टेकले, ते इथे पाहायचं आहे.

मध्यमवर्गापासून सुरुवात करू. १९७२ च्या दुष्काळात महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीनं मुंबईत लाटणं मोर्चे काढले. समाजवादी मृणाल गोरे आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर एका व्यासपीठावर आल्या. दोघींच्या पक्षांचं आपसात काय चाललंय याच्याशी तेल-साखरेच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला देणंघेणं नव्हतं, आणि त्या दोघींनाही ते पक्कं ठाऊक होतं. पुढे १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला आणि १९९५ मध्ये, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवाही या कायद्याखाली येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला. रुग्णाच्या हाती हत्यार आलं खरं, पण ते एकेकट्यानं चालवायचं. ज्याचं बिल त्याची तक्रार, ज्याची तक्रार त्याच्या तारखा. लाटणं मोर्चातली सामुदायिक ताकद ग्राहक मंचाच्या फायलीत विरून गेली, असं माझं मत आहे.

गावाकडे तोवर वेगळीच घडण चालली होती. १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे जामखेडला आले आणि गावातल्याच, बहुतेक अक्षरओळखही नसलेल्या बायकांच्या हाती त्यांनी आरोग्याचं काम दिलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं त्यापुढे जाऊन मोजमाप केलं. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत बाई घरी जाऊन नवजात बाळाचं वजन करायची, श्वास मोजायची, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायची. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं. १९९९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि २०११ मध्ये आशांच्या घरभेटींच्या रूपानं तो देशभराच्या कार्यक्रमात शिरला. छापून आल्यापासून धोरण होईपर्यंत १२ वर्षं गेली. धोरणाच्या कामात हा वेग बराच म्हणायचा, हीच यातली खेदाची गोष्ट.

पण माझ्या लेखी जास्त मोलाचा प्रसंग २००१ चा आहे. राज्यातल्या १३ संस्थांनी मिळून बालमृत्यूंची स्वतः मोजणी केली आणि 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. महाराष्ट्रात वर्षाला सुमारे पावणेदोन लाख बालकं दगावत असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सरकारी नोंदवह्यांत यातले थोडेच मृत्यू उतरत होते. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत की कुणाचा राजीनामा मागितला नाही. तुमची वही आणि आमची वही शेजारी ठेवून बघा, एवढंच सांगितलं. सरकारला बालमृत्यूंसाठी समिती नेमावी लागली आणि तिचं अध्यक्षपदही अभय बंगांकडेच आलं. मंत्री कोणत्या पक्षाचा आहे याला अशा वेळी महत्त्व उरत नाही, कारण आकडा कुणालाच सोडत नाही.

हाच धागा पुढे लोकाधारित देखरेखीत आला. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ मध्ये पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तेव्हाचा उस्मानाबाद अशा पाच जिल्ह्यांत हे काम सुरू झालं. पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे त्याची राज्यपातळीवरची सूत्रं होती. गावातली समिती आरोग्यसेवेचं प्रगतिपुस्तक भरते: हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे कामचलाऊ, लाल म्हणजे बोंब. ही पुस्तकं घेऊन तालुक्याला जनसुनवाई भरते. समोर तालुका आरोग्य अधिकारी, पंचायत समितीचे सदस्य, जवळच्या कॉलेजातले एखादे प्राध्यापक, एखादा स्थानिक पत्रकार. माणसं उठून विचारतात: बाळंतिणीकडून पैसे का घेतले? रात्री नर्सबाई का नव्हत्या? सर्पदंशाची लस असताना पेशंट पुढे का धाडला? बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी का दिली? डॉक्टर रजिस्टर उलटतात, खुलासा करतात, आणि बऱ्याचदा उत्तर एकाच वाक्यावर येऊन थांबतं: 'पद रिक्त आहे.' बोर्ड लावणं, उद्धटपणा थांबवणं, पैसे परत करणं हे तालुक्यात मिटतं. पद भरणं मिटत नाही. ते जिल्ह्याला जातं, तिथून मुंबईला, आणि मंत्रालयात अडकून पडतं.

कागदावरचे निकष वाईट नाहीत. सपाटीवर ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात २० हजारांमागे. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हवेत. भूलतज्ज्ञ नसेल तर यातल्या निम्म्यांचे हात बांधलेले. सिझेरियन करणारी डॉक्टर हजर, थिएटर तयार, आणि बाई मात्र १०८ च्या रुग्णवाहिकेतून जिल्ह्याच्या वाटेवर, हे चित्र तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या कुणालाही नवं नाही.

या देखरेखीची एक दुखरी बाजूही आहे. ज्या खात्यावर नजर ठेवायची, त्याच खात्याच्या अभियानातून कामाचा खर्च येत होता. निधी उशिरा येणं, कमी होणं हे मग ओघानंच आलं. पक्षांपासून दूर राहणं जमलं, तिजोरीपासून दूर राहणं जमलं नाही.

आता पांढऱ्या रेशनकार्डाकडे, म्हणजे पुन्हा मध्यमवर्गाकडे येऊ. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. पिवळं आणि केशरी कार्डवाले आत, पांढरं कार्डवाले बाहेर. धर्मादाय रुग्णालयांत २००६ च्या उच्च न्यायालयाच्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत. पण दुर्बल म्हणायची उत्पन्नमर्यादा वर्षाला ३ लाख ६० हजार. महिना ३० हजारांवर एक रुपया जास्त मिळवणारा शाळामास्तर या हिशेबानं सबळ झाला. बायपासचं एक बिल आलं की तो किती सबळ आहे ते कळतं.

त्याला विम्याकडे ढकललं गेलं आणि तिथली अक्षरं फार बारीक. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५ हजार असताना नातेवाइकांनी ८ हजारांची खोली घेतली, तर अनेक पॉलिस्यांत फक्त वरचे ३ हजार कापले जात नाहीत. डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. हे घरच्यांना कळतं डिस्चार्जच्या दिवशी, काउंटरवर. वर हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता. तो काढा, अशी मागणी २०२४ मध्ये नागपूरच्या आयुर्विमा कर्मचारी संघटनेनं नितीन गडकरींपुढे ठेवली. त्यांनी ती पत्रानं अर्थमंत्र्यांना कळवली, पत्र बाहेर आलं आणि विरोधकांनी संसदेत तोच विषय लावून धरला. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्यविम्यावरचा कर शून्य झाला. एका शहरातल्या संघटनेचं निवेदन दोन्ही बाकांवरच्यांनी उचललं, असं फार वेळा घडत नाही.

दरम्यान १ जुलै २०२४ पासून फुले योजना सगळ्या कार्डांना खुली झाली, कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. त्याआधी १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सगळे उपचार मोफत झाले होते. मग प्रश्न सुटला का? ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले आणि औषधटंचाईची, अपुऱ्या मनुष्यबळाची चर्चा पुन्हा पेटली. उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. तमिळनाडूसारखं औषधखरेदीचं स्वतंत्र महामंडळ करा, असं जन आरोग्य अभियान या आरोग्यहक्क आघाडीची मंडळी वर्षानुवर्षं कंठशोष करून सांगत आली होती. त्यासाठीच्या प्राधिकरणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांना २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्याला द्यायला सांगितलं होतं. महाराष्ट्र पाचाच्या आसपास घुटमळतोय. योजनेचं कार्ड सगळ्यांना देणं सोपं, कार्ड दाखवायला जवळपास रुग्णालय असणं अवघड. आणि योजनेतली बहुतेक खाजगी रुग्णालयं शहरांत आहेत.

गाव आणि मध्यमवर्ग यांची गाठ एकदाच पडली, करोनात. २१ मे २०२० च्या आदेशानं राज्यानं खाजगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर बांधले: साधा वॉर्ड दिवसाला ४ हजार, अतिदक्षता ७,५००, व्हेंटिलेटरसह ९ हजार. बिलं तपासायला ऑडिटर नेमले. पुढे जन आरोग्य अभियान आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीनं जादा बिलांच्या तक्रारी गोळा केल्या. त्यांत खेड्यातली विधवा होती आणि शहरातला नोकरदारही. दोघांच्या हातातला कागद सारखाच होता, त्यावरची 'पीपीई किट'ची ओळही सारखीच. रुग्णालयाचे दर सरकार ठरवू शकतं, हे त्या वर्षी सिद्ध झालं. साथ ओसरली आणि दरपत्रकही गेलं. २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्क सनद आणि दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. दर किती असावेत, यावर मात्र नियम गप्प आहेत. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्रानं अजून स्वीकारलेला नाही. राजस्थाननं २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला तेव्हा खाजगी डॉक्टर संपावर गेले. इथे त्या वाटेला जायची हिंमत एकाही पक्षानं दाखवलेली नाही, सत्तेत असताना नाही आणि विरोधात असतानाही नाही.

चळवळींचं चुकतं कुठे, तेही बोलायला हवं. जाहीरनामे पुण्यात लिहिले जातात, त्यांची भाषा शासननिर्णयासारखी कोरडी होते. मध्यमवर्गाला त्यात आपण दिसत नाही. आणि मध्यमवर्गानं सरकारी दवाखाना सोडला तेव्हा तिथली आपली तक्रारही बरोबर नेली. आता तिथे बोलायला आशाताई तेवढ्या उरल्यात. सत्तर हजारांवर आशांनी २०२३ च्या अखेरीस संप केला, मुंबईच्या आझाद मैदानात ठाण मांडलं, तेव्हा कुठे २०२४ मध्ये मानधनात ५ हजारांची वाढ पदरात पडली. त्यांच्या मागण्यांत केंद्रांतल्या सोयींचाही विषय होता, पण त्या मंडपात नोकरदार मध्यमवर्ग किती दिसला?

दिवाळीत गावी जाल तेव्हा एक करा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाचं पद भरलेलं आहे का आणि रुग्ण कल्याण समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे दोन प्रश्न विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज द्या. शहरात परतल्यावर जवळच्या खाजगी रुग्णालयात दरपत्रक भिंतीवर आहे का तेही बघा, आणि नसेल तर महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला लेखी कळवा.