कारवान : दख्खनच्या माळावर घडलेला कुत्रा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचं ऊन ऐन भरात होतं. शेजारच्या घरी दाट केसांचा हस्की कूलरसमोर जीभ काढून धापा टाकत पडला होता. घरातला मुलगा म्हणाला, "काका, याच्याऐवजी आपला देशी कारवान आणला असता तर?" प्रश्न रास्त होता. पण उत्तर देण्याआधी हा कारवान आला कुठून आणि घडला कसा, ते पाहायला हवं.

कारवान म्हणजे काफिला, व्यापाऱ्यांचा तांडा. मध्य आणि पश्चिम आशियातून व्यापारी, सैनिक दख्खनमध्ये येत. त्यांच्याबरोबर सलुकी, ताझी असे शिकारी कुत्रे आले आणि त्यांच्यापासून ही जात तयार झाली, असं मानलं जातं. काफिल्याबरोबर आला म्हणून कारवानी. याच्याच लांब केसांच्या प्रकाराला 'पश्मी' म्हणतात. 'पश्म' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ लोकर. म्हणजे नावातच त्याचा प्रवास दडलेला आहे.

हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर शिकार करतो. डोकं निमुळतं, छाती खोल, कंबर बारीक, अंगावर आखूड केस. भरधाव धावताना प्रत्येक झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात. मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकाच्या उघड्या माळावर सशामागे धावायचं, तर शरीर असंच हवं.

युरोपात कुत्र्यांच्या जाती ठरल्या त्या वेगळ्या रीतीने. इंग्लंडमध्ये १८५९ साली न्यूकॅसलला श्वानप्रदर्शन भरलं, १८७३ साली लंडनला केनेल क्लब स्थापन झाला. मग उंची, रंग, कानांची ठेवण यांचे नियम आले, वंशावळीच्या वह्या आल्या. आपल्याकडे अशी वही नव्हती. जो उत्तम धावे, त्याची पिल्लं लोक मागून नेत. माळ हीच परीक्षा आणि तोच दाखला.

या कुत्र्याला राजाश्रय मिळाला तो मुधोळला. आज बागलकोट जिल्ह्यात असलेलं हे घोरपडे घराण्याचं संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची जोपासना केली. त्यांनी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना एक जोडी भेट दिली, असं सांगतात. तेव्हापासून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झालं. आजही एक संस्था त्याची नोंद 'कारवान हाउंड' म्हणून करते, तर दुसरी 'मुधोळ हाउंड' म्हणून. कुत्रा तोच, पाट्या दोन.

पुढे संस्थानं गेली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकारीवर बंधनं आली आणि ती योग्यच होती. पण ज्या कामासाठी हा कुत्रा घडला, ते कामच गेलं. काम गेलं की जात टिकवणं अवघड होतं. मग धाव कोण बघणार? लोक नुसतं रूप बघू लागतात, संकर होतो, आणि नाव तेवढं उरतं.

सुदैवाने त्याला नवी कामं मिळत आहेत. राखणीसाठी शेतकरी तो पाळतात. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढलं. लष्कराने मेरठच्या केंद्रात त्याला प्रशिक्षण देऊन पाहिलं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने देशी जातींत त्याची नोंद केली.

मग त्या मुलाला काय सांगायचं? ऊन कारवानला हस्कीपेक्षा नक्कीच सोसेल. हस्की बर्फावर गाडी ओढण्यासाठी घडला, हा माळावर धावण्यासाठी. पण रोज मोकळं धावायला मिळालं नाही, तर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये साखळीला बांधलेला कारवानही तितकाच कष्टी होईल. मांजर, ससा दिसला की तो मागे सुटणार, आणि परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. देशी म्हटलं म्हणजे सोयीचं, असं नसतं.

मी त्याला म्हटलं, "कुत्रा आणण्याआधी त्याचं काम विचार, आणि ते आपल्या अंगणात मावतं का ते बघ." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग उठला आणि हस्कीच्या भांड्यात गार पाणी ओतून आला. आधी आणलेल्याचं नीट करायला हवं, हे त्याला न सांगताच कळलं होतं.