तुझं लॉजिक चुकलं म्हणजे काय चुकलं?

कट्ट्यावर वाद रंगला की "तुझं लॉजिक चुकलं" हे वाक्य हमखास येतं. पण नक्की काय चुकलेलं असतं?

हा युक्तिवाद बघा. बारामती तालुक्यातलं प्रत्येक गाव बागायती आहे. सुपे बारामती तालुक्यात आहे. म्हणून सुपे बागायती आहे. सुप्याकडचा कोणीही हसेल! नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामतीच्या बागायती पट्ट्याला मिळतं आणि पुढे इंदापूरकडे जातं. सुपे-मोरगावचा भाग मात्र जिरायती. तरीसुद्धा तर्कशास्त्र या युक्तिवादाला वैध, म्हणजे व्हॅलिड म्हणतं. कारण वैधतेचा प्रश्न एवढाच असतो : आधारविधानं खरी धरली, तर निष्कर्ष खोटा निघू शकेल का? इथे नाही. सुप्याच्या जागी कुठलंही गाव घाला, जोडणी पक्कीच राहते. चूक आहे ती पहिल्या विधानात. आपल्या भाषेत, प्रोग्राम बरोबर पण इनपुट चुकीचं.

आता उलटा प्रकार. आवर्तन सुटलं की कालव्याकाठच्या शेताला पाणी मिळतं. या शेताला पाणी मिळालंय. म्हणून आवर्तन सुटलंय. आज कदाचित तिन्ही वाक्यं खरी असतील, पण युक्तिवाद अवैधच! पाणी विहिरीचंही असू शकतं ना? आधारविधानं खरी आणि निष्कर्ष खोटा, अशी एक जरी शक्यता सापडली की वैधता गेली.

आपल्याकडच्या न्यायदर्शनात हे फार पूर्वीच ओळखलं होतं. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे अनुमान चालतं. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चालत नाही. त्यासाठी त्यांचं उदाहरण आहे तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं : अग्नी आहे, धूर नाही. वर्कशॉप केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको!

हा सगळा शब्दांचा खेळ वाटेल, पण तसं नाही. "बारामती म्हणजे सगळं बागायत" असं धरून कोणी दुष्काळात "मग सुप्याला टँकर कशाला?" म्हणालं, तर त्याच्या तर्कात खोट सापडणार नाही आणि सुप्यातला हंडा मात्र रिकामा राहील. म्हणून पुढच्या वादात दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. विधानं खरी आहेत का? आणि त्यांतून निष्कर्ष निघतो का? दोन्हींना "हो" आलं, तरच मान डोलवा.