ओव्याचं फूल आणि चीजचा तुकडा

ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर एका बाटलीत घालून बूच लावलं की थोड्या वेळात तिन्ही खडे पाघळतात. पाण्याचा थेंबही न घालता झणझणीत वासाचा द्रव तयार होतो. हीच अमृतधारा. त्यातलं ‘ओव्याचं फूल’ हे फूल नव्हेच. ते ओव्याच्या तेलातून निघणारे थायमॉलचे स्फटिक. युरोपात कास्पर नॉयमान या जर्मन रसायनतज्ज्ञाने १७१९ मध्ये हाच पदार्थ थाइमच्या झुडपापासून वेगळा केला होता.

भज्यांच्या पिठात टाकण्याआधी ओवा तळहातावर चोळतात, तो उगाच नाही. दाण्याच्या सालीत तेलाच्या बारीक नळ्या असतात, त्या चोळल्यावर फुटतात. हे तेल जिवाणूंनाही झोंबतं. जिवाणूच्या पेशीला स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं. थायमॉलला पाण्यापेक्षा स्निग्धाची ओढ जास्त, म्हणून ते त्या आवरणात शिरतं आणि ते सैल करतं. मग आतलं पोटॅशियम झिरपतं, ऊर्जा पुरवणारं एटीपीही निसटतं आणि पेशीचा कारभार आटोपतो. ओरेगॅनोतल्या कार्व्हाक्रॉलची तऱ्हा हीच. लिस्टेरिया, स्टॅफिलोकॉकस सहसा लवकर नमतात. साल्मोनेला आणि ई. कोलाय यांच्या अंगावर आणखी एक पापुद्रा असल्याने ते चिवट.

प्रयोगशाळेत हे बघायला मजा येते. जिवाणू पसरलेल्या आगरच्या बशीत तेलात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ रिंगण दिसतं. पण असं रिंगण दाखवून कुणी ‘नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह’ विकायला आलं, तर मी आधी विचारीन, बशीत काय वाढलं होतं? खऱ्या अन्नात लोणी असतं, साय असते, प्रथिनं असतात. तेल जिवाणूला सोडून त्यांच्यातच जाऊन बसतं. नेदरलँड्सच्या सारा बर्ट यांनी २००४ मध्ये या संशोधनाचा आढावा घेतला. त्यानुसार बशीतला परिणाम मऊ चीजमध्ये हवा असेल तर तेल २५ ते १०० पट लागतं. असं चीज तोंडात घातलं तर बाम चाटल्यासारखंच वाटायचं! म्हणून आता तेलाचे अतिसूक्ष्म थेंब करून ते अन्नात मिसळायचे, किंवा पाकिटाच्या आतल्या बाजूला तेल लावून नुसत्या वाफेवर काम भागवायचं, असे प्रयत्न चालू आहेत.

लसणाची गोष्ट तर आणखी बोलकी. जिवाणूंना रोखण्यात त्याचाही लौकिक मोठा. तरी १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलात मुरवलेल्या चिरलेल्या लसणाने ३६ जणांना बॉट्युलिझम ही जिवाणूंमुळे होणारी विषबाधा झाली. लसणाला चिकटलेल्या मातीतून आलेल्या त्या जिवाणूंच्या बीजाणूंना तेलाखाली हवाबंद जागा मिळाली आणि बाटली फ्रिजबाहेर राहिली होती. अमेरिकेतही १९८९ मध्ये तसंच घडलं. तेव्हापासून तिथे अशा बाटलीबंद लसणात सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल घालावं लागतं.